पान अकरावरची साक्ष

रविवार, १६ जानेवारी १९७२

कॉलेजचा वार्षिक अंक आज उपासनेनंतर वाटला. पान अकरावर मी आहे. ‘माझी साक्ष – पुंजाराम दगडू वैरागर, ईश्वरविज्ञान, द्वितीय वर्ष.’ छापलेलं स्वतःचं नाव मी सकाळपासून सात-आठ वेळा बघितलं. गर्व हे पाप आहे हे ठाऊक आहे, तरी बघितलं.

आमच्याकडे प्रत्येकाला आपली साक्ष लिहून द्यावी लागते, म्हणजे प्रभूनं आपल्याला कसं बोलावलं ते. बाकीच्यांचं बरं आहे. माझ्या खोलीतला सहादेव त्रिभुवन, त्याच्या बापाच्या अंगात यायचं. एकाला विहिरीत पडताना हाक ऐकू आली होती. मला कधी काही झालेलंच नाही. ना दारू, ना चोरी, ना स्वप्न. मी लहानपणापासून भित्रा. कुत्र्याला, मास्तरांना, वळवाच्या विजेला भिणारा. भ्यालो की प्रार्थना करतो, एवढंच काय ते माझं बोलावणं. पहिल्या खेपेला तेवढंच लिहून दिलं, तर प्राचार्य उजागरेसर म्हणाले, “वैरागर, यात जीव नाही रे. घरचं काहीतरी घाल. वाचणाऱ्याला माणूस दिसला पाहिजे.”

म्हणून मी दादाला घातलं. १९५४ साली आमच्या निंबवेढ्याला चर्चपुढच्या लिंबाखाली आई, बाप, दादा आणि मी, असा चौघांचा एकाच सकाळी बाप्तिस्मा झाला. मी चार वर्षांचा, दादा दहाचा. पाळकसाहेबांच्या हातातली पितळी वाटी बघून मी भोकाड पसरलं. तेव्हा रंगनाथदादानं मला कडेवर घेतलं आणि पाळकसाहेबांना म्हणाला, “आधी मला घाला, म्हंजी ह्याचं भ्या जाईल.” दादाच्या कपाळावरून पाणी ओघळलं, तो हसला, आणि मी गप्प झालो. पुढं मी लिहिलं, ‘आजही दादा सरकारी नोकरीत मोठ्या जबाबदारीवर असून रोज सकाळी विजयमालावहिनींसह गुडघे टेकल्यावाचून कचेरीत जात नाही.’ मोठी जबाबदारी जरा जास्त झालं. दादा श्रीगोंद्याला एका कचेरीत कारकून आहे. पण सरांच्या डोळ्यांत पाणी आलं.

एक प्रत दादाला आजच टपालानं पाठवली.

शनिवार, २९ जानेवारी

सहादेवचा मामा दादाच्याच कचेरीत शिपाई आहे, हे मला ठाऊकच नव्हतं! सहादेवनं त्यालाही अंक पाठवला होता. मामानं मधल्या सुट्टीत सगळ्यांना वाचून दाखवला म्हणे. आमच्या लोकांतला एक माणूस छापून आला म्हणून मामाची छाती फुगली. साहेबांनीसुद्धा अंक मागून घेतला आणि ठेवून घेतला. मी सहादेवला चहा पाजला.

दादाचं पत्र नाही अजून. कामात असेल.

रविवार, १३ फेब्रुवारी

जुन्या कराराच्या चाचणीत वीसपैकी सतरा. प्रश्न होता, मिसर देशात अब्रामानं आपल्या बायकोला बहीण म्हणून का सांगितलं? मी अब्रामाला चांगलाच झोडपला. विश्वासू माणसानं जिवाच्या भीतीनं नातं लपवणं म्हणजे देवावर अविश्वास, वगैरे. सरांनी समासात ‘निर्भीड’ असं लिहिलं. मला हसूच आलं. आज सकाळी भिंगारला दहा मिनिटांचा उपदेश करताना माझे गुडघे इतके लटपटत होते की पुढच्या बाकावरची म्हातारी मला बसायला सांगत होती.

दादाचं पत्र नाही.

शनिवार, ४ मार्च

दुपारी दादा आला. न कळवता, ड्युटीच्या कपड्यांवर. वसतिगृहात आत यायला तयार होईना. कंपाउंडच्या टोकाला चिंचेखाली गेलो आणि तिथं त्यानं सांगितलं.

कुणीतरी निनावी अर्ज केला आहे. रंगनाथ दगडू वैरागर हा ख्रिस्ती असून त्यानं हिंदू महार म्हणून राखीव जागेवर नोकरी मिळवली, याची चौकशी व्हावी.

मला आधी कळलंच नाही. मी म्हणालो, “पण दादा, आपण ख्रिस्तीच आहोत ना?”

“हळू बोल,” दादा म्हणाला. मग त्यानं समजावून सांगितलं. शाळेत त्याचं नाव घातलं ते बाप्तिस्म्याच्या चार वर्षं आधी. तेव्हा बापानं जे सांगितलं ते मास्तरांनी लिहिलं, हिंदू महार. पुढं शाळेचा दाखला तसाच निघाला. नोकरीच्या अर्जाला तो जोडला आणि जागा मिळाली. ख्रिस्ती झालेल्याला ती सवलत नाही. सिद्ध झालं तर नोकरी जाणार, आणि वर फसवणुकीचा खटला.

“तू सांगायला हवं होतंस की बाप्तिस्मा झालाय म्हणून,” मी म्हणालो. मूर्खासारखं.

दादा चिडला नाही. “बाप्तिस्मा झाला म्हणून आपलं घर वेशीच्या आत आलं का, पुंजा? आडावर पाणी भरू दिलं का कुणी? शाळेत मी दाराशीच बसायचो, आधीही आणि नंतरही. मग कागदावरच तेवढं का बदलायचं?”

मी विचारलं, अर्ज कुणी केला असेल? तुझ्यावर कुणाचा राग आहे का? दादानं माझ्याकडे बघितलं. मग म्हणाला, “तुमच्या त्या अंकाच्या प्रती किती काढल्या रे?”

“दोनशे. तुला हव्यात का आणखी? ऑफिसात आहेत.”

“नको,” दादा म्हणाला. जाताना त्यानं माझ्या डोक्यावरून हात फिरवला. पाचवी पास झालो तेव्हापासून त्यानं असं केलं नव्हतं. रात्रीचं जेवण गेलं नाही. तीन पोरं, वहिनी, गावाकडं आई. बाप गेल्यापासून सगळी त्या एका नोकरीवर. कोण असेल हा वैरी?

सोमवार, ६ मार्च

मीच.

ग्रीकच्या तासाला, सर फळ्यावर क्रियापदं लिहीत असताना, कळलं. काहीही कारण नव्हतं. दादाचा तो प्रश्न डोक्यात आला, मी उठून बाहेर गेलो आणि मोरीपाशी ओकलो. सरांना वाटलं ऊन बाधलं.

पान अकरा. गावाचं नाव, साल, दादाचं पूर्ण नाव, सरकारी नोकरी, वहिनीचं नावसुद्धा. चौकशी करणाऱ्याला आणखी काय हवं? मी ते सगळं सुवाच्य अक्षरात लिहून दिलं होतं. आणि मी दादाला म्हणालो, आणखी प्रती हव्यात का! तो चिंचेखाली माझ्यावर ओरडला असता, मुस्काटात मारली असती, तर बरं झालं असतं.

सोमवार, २० मार्च

दादाला पत्र लिहायला घेतलं आणि फाडलं. पत्र सापडलं तर? ही वही तरी का लिहितो आहे? ग्रीकच्या तीन वह्यांखाली ठेवतो आणि वर्गात बसलो की तीच डोळ्यांपुढे येते. जाळावी असं रोज ठरवतो. पण सहादेवशी बोलता येत नाही, सरांशी येत नाही, आणि प्रार्थनेला बसलो की दादाचं नाव तोंडातून काढायचं धाडस होत नाही. देवासमोर कसली भीती, असं पुस्तकात आहे. मला मात्र वाटते.

सहादेव विचारत होता, हल्ली तू दचकतोस का? टपालवाल्याची सायकल वाजली की मला घाम फुटतो हे त्यानं बरोबर हेरलं आहे.

रविवार, १६ एप्रिल, निंबवेढे

परीक्षा झाल्या. सुट्टीत प्रत्येकाला एकेका मंडळीत, म्हणजे गावोगावच्या चर्चमध्ये, सेवेला पाठवतात. यंदा आमच्या गावच्या पाळकसाहेबांनी, रेव्हरंड चक्रनारायणांनी, सरांना पत्र लिहून मला मागून घेतलं. का ते आज कळलं. बाप्तिस्म्याच्या जुन्या वहीला वाळवी लागली आहे, ती पूर्ण जायच्या आत तिची नक्कल करायची आहे. “तुझं अक्षर चांगलं आहे,” ते म्हणाले, “आणि काम घाईचं आहे. या महिन्याअखेर तहसील कचेरीतून कुणी वही बघायला येईल असं कानावर आलंय.”

त्यांना काय ठाऊक आहे, काय नाही, कळायला मार्ग नव्हता. ते सहजपणे चहा ओतत होते. माझ्या बाप्तिस्म्याच्या दिवशी मी किती रडलो ते त्यांनी आज पुन्हा सांगितलं. त्या दिवशी वाटी चक्रनारायणसाहेबांच्याच हातात होती.

आई दुष्काळी कामावर खडी फोडायला जाते. हातांना चिंध्या बांधलेल्या. दादाचं तिला सगळं माहीत आहे. अंकाचं कुणी सांगितलं की नाही ते मी विचारलं नाही. तिनं मला भाकरी वाढली आणि समोर बसून राहिली. आई नुसती म्हणाली, “खा. वाळलास लई.”

बुधवार, १९ एप्रिल

वही जाड, कापडी पुठ्ठ्याची. कडेनं वाळवीनं नक्षी केली आहे, पण मधलं सगळं वाचता येतं. अनुक्रमांक, नाव, वय, पूर्वीची जात, तारीख. मी दोन दिवसांत १९५३ पर्यंत आलो. चर्चमध्ये एकटाच असतो. पाळकसाहेब कालपासून नेवाशाच्या बाजूला गेले आहेत, परवा येतील. जाताना किल्ली माझ्याकडे दिली आणि म्हणाले, “सावकाश कर. मी मध्ये येणार नाही.”

दुपारी ते पान आलं.

३९ दगडू. ४० बायडाबाई. ४१ रंगनाथ, वय १०. ४२ पुंजाराम, वय ४. खाली पाळकसाहेबांची सही, शाई अजून निळी.

वाळवीनं अलीकडचं पान खाल्लं आहे, पलीकडचं खाल्लं आहे. हे पान धड. मग वही मिटली, कुलूप घातलं आणि घरी आलो.

शुक्रवार, २१ एप्रिल

लिहितो. इथं तरी लिहितो.

काल सकाळी ३९ उतरवला. ४० उतरवला. एकेचाळीसला टाक बुडवला आणि माझं नाव लिहिलं. मी दादाच्या जागी चढलो. पुढच्या प्रत्येकाचा एकेक आकडा अलीकडे आला, आणि शेवटच्या पानापर्यंत मी हे असं माणसामागून माणूस सरकवत गेलो. संध्याकाळपर्यंत संपलं. हात थरथरला नाही, याचीच भीती वाटते. उपदेशाला थरथरतो आणि याला नाही.

आज पाळकसाहेब आले. नवी वही हातात घेतली, पहिलं पान बघितलं, शेवटचं बघितलं, ‘मूळ वहीवरून अस्सल नक्कल’ खाली सही केली. एकदाही दोन्ही वह्या शेजारी ठेवून ताडून बघितल्या नाहीत. एवढं महत्त्वाचं काम आणि इतका निष्काळजीपणा! आता सत्तरीला आले, नजर जात चालली असेल. मग जुनी वही त्यांनी स्वतः चुलीकडे नेली. वाळवी कागदपत्रांच्या पेटीला लागेल, म्हणाले. पुठ्ठा लवकर पेटेना तेव्हा खाली वाकून फुंकणीनं फुंकत होते. धुरानं त्यांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी येत होतं.

मी बाहेर उभा होतो. मला वाटलं, त्यांनी ताडून बघितलं असतं तर बरं. पकडला गेलो असतो, आणि सुटलो असतो.

बुधवार, ३ मे

तहसिलीतून अव्वल कारकून आला. गावचे आबासाहेब पाटील पंच म्हणून आले. चर्चपुढे लिंबाखाली खुर्च्या मांडल्या. ऊन मी म्हणत होतं, तरी कारकुनानं आमच्या तांब्यातलं पाणी घेतलं नाही, “आत्ताच घेतलं” म्हणाला.

आधी नवी वही बघितली. जुनी कुठंय विचारलं. वाळवीनं संपली म्हणून पाळकसाहेबांनी सांगितलं. “बाप्तिस्मा तुम्हीच द्यायचात ना? या रंगनाथाला दिलेला आठवतो?”

“शेकडो दिले, भाऊसाहेब,” पाळकसाहेब म्हणाले. “वहीत असेल तर दिला असेल. नसेल तर नसेल.”

पंधरा दिवसांपूर्वी त्यांना माझं रडणंसुद्धा आठवत होतं. या उन्हात म्हाताऱ्या माणसाचं काय सांगावं.

मग कारकुनानं पिशवीतून एक छापील कागद काढला. घडी घातलेला, कडेनं फाडलेला. पान अकरा. त्यानं तो मोठ्यानं वाचला. सगळा. “आधी मला घाला, म्हंजी ह्याचं भ्या जाईल,” हे त्याच्या तोंडून ऐकताना मी लिंबाच्या बुंध्याकडे बघत होतो. आई कामावरनं तशीच आली होती, अंगावर खडीचा पांढरा फुफाटा. ती पुढं झाली.

“ते खरं न्हाई, सायेब. थोरला तवा मामाकडं हुता, शाळंला. माज्या दादल्याचा झाला, माजा झाला, ह्या धाकल्याचा झाला. थोरल्याच्या डोस्क्यावर पानी पडलंच न्हाई.”

“मग हे तुमच्या मुलानं लिहिलंय ते?”

“त्येला काय कळतंय? चार वर्साचं प्वार हुतं.”

आबासाहेब खाली बघत म्हणाले, “थोरला मामाकडं असायचा, हे आमीबी ऐकून हाय.” त्यांच्या बांधावर दादा लहानपणी गुरं राखायचा.

कारकून माझ्याकडे वळला. “तुम्ही शिकलेले. उद्याचे पाद्री. तुमच्यावर नाही विश्वास ठेवायचा तर कुणावर? सांगा.”

सगळे माझ्याकडे बघत होते. आई तेवढी बघत नव्हती. ती हाताची चिंधी सोडत होती आणि परत बांधत होती. मला अब्राम आठवला आणि समासातलं ते ‘निर्भीड’.

“खोटं आहे,” मी म्हणालो. “भावाचं मी रचून लिहिलं.”

“का?”

“साक्षीत जीव यावा म्हणून.”

तो हसला. लिहून घेतलं, मला वाचून दाखवलं. ‘सदर लेखातील माझ्या भावाबाबतचा मजकूर मी स्वतः कल्पनेने लिहिला असून तो असत्य आहे.’ मी सही केली. आबासाहेबांनी न वाचता सही केली. आईनं अंगठा दिला.

गुरुवार, ४ मे

रात्रभर झोप नाही. सकाळी आई कामावर निघाली तेव्हा दारात थांबली. माझ्याकडे न बघता म्हणाली, “द्येवानं इचारलं तर माजं नाव सांग. म्हनावं, आईनं करायला लावलं.” आणि गेली.

पण तिनं मला काहीच करायला लावलं नव्हतं. वहीचं तर तिला माहीतसुद्धा नाही.

रविवार, २८ मे

दादाचं कार्ड, आईच्या नावावर. ‘काम झाले. काळजी नसावी. पुंजास आशीर्वाद.’ मी ते आईला तीनदा वाचून दाखवलं. ती पहिल्यांदा हसली, मग पदर तोंडाशी धरून रडली, मग चूल पेटवायला गेली. मला वाटलं होतं, हे ऐकलं की छातीवरचा धोंडा उतरेल. तो तिथंच आहे.

सोमवार, १९ जून, अहमदनगर

कॉलेज सुरू झालं. उजागरेसरांनी पहिल्याच दिवशी बोलावलं. टेबलावर तहसिलीचं पत्र होतं, माझ्या जबाबाच्या नकलेसकट. आपल्या अंकातील मजकूर असत्य असल्याचे लेखकाने कबूल केले आहे, तरी खुलासा करावा.

सर ओरडले नाहीत. खूप थकलेले दिसले. “वैरागर, मला एकच सांग. खोटं कुठलं? हे छापलेलं, की हा जबाब?”

दार बंद होतं. पंखा चालू होता. सर मला बापासारखे आहेत. त्यांना सांगितलं असतं तर त्यांनी बाहेर काढलं नसतं. तोंड उघडलंसुद्धा. आणि मग विचार आला, सर खोटं बोलत नाहीत. त्यांना खरं कळलं तर पत्राला उत्तर काय देतील?

“छापलेलं,” मी म्हणालो.

सरांनी डोळे मिटले. मग म्हणाले, “घरचं काहीतरी घाल, असं मीच तुला म्हणालो होतो. मीच तुला मोहात पाडलं.” मला त्यांचे पाय धरावेसे वाटले. ते पुढे म्हणाले की लबाडीवर उभं राहून पाळक होता येणार नाही, पण कबुली दिली तर मंडळी क्षमा करील. दोन जुलैला प्रभुभोजनाची उपासना आहे. सगळ्यांसमोर उभं राहायचं आणि कबूल करायचं. नाहीतर नाव कमी करावं लागेल.

शुक्रवार, ३० जून

निघून जावं का? खडीच्या कामावर माणसं घेतात. पण मी गेलो तर सगळे विचारतील, क्षमा मिळत असताना का गेला? आणि विचारता विचारता कुणालातरी बरोबर उत्तर सापडेल. राहिलं पाहिजे.

आयुष्यात एकदाच मी जे जसंच्या तसं सांगितलं, त्याचाच पश्चात्ताप करायचा आहे. आणि जे केलं त्याचा नाही. पौलानं लिहिलंय, जो अयोग्य रीतीनं प्रभुभोजनाची भाकर खातो तो स्वतःवर दंड ओढवून घेतो. हे मी मागच्या वर्षी पाठ केलं होतं. आता ते मला पाठ नको आहे.

रविवार, २ जुलै

चॅपल भरलं होतं. सरांनी माझं नाव घेतलं. मी उभा राहिलो आणि शेवटच्या बाकावर दादा दिसला.

त्याला कुणी सांगितलं कळत नाही. इस्त्रीचा सदरा, हातात टोपी. कपाळाला अष्टगंधाचा टिळा होता. दादाला टिळा लावलेला मी जन्मात पहिल्यांदा बघितला.

मी बोललो. माझ्या साक्षीतलं भावाबद्दलचं सगळं खोटं आहे. माझ्या भावाचा बाप्तिस्मा कधी झाला नाही. लिंबाखाली त्यानं मला उचललं नाही. तो गुडघे टेकत नाही. मोठेपणासाठी मी त्याचं नाव वापरलं. प्रभूची आणि मंडळीची क्षमा मागतो.

माझा आवाज एकदाही कापला नाही. सगळे “आमेन” म्हणाले. सहादेव रडत होता. सर उठले, त्यांनी मला मिठी मारली आणि म्हणाले, “तुझी क्षमा झाली आहे.” त्यांचं सगळं अंग हुंदक्यांनी हलत होतं. मला एवढंच वाटलं की आता पळावं, या खांद्यांवरून, या भिंतीवरून, कुठंही.

मग भाकरीचं ताट फिरलं. आमच्याकडे ताट बाकावर हातोहात जातं; ज्यानं त्यानं आपला तुकडा घ्यायचा आणि शेजाऱ्याकडे द्यायचं. बाप्तिस्मा न झालेले घेत नाहीत. ताट माझ्यापाशी आलं. सर बघत होते. मी तुकडा उचलला. तोंडात घातला. गिळला.

मी मागं वळून बघितलं. बघायला नको होतं. ताट शेवटच्या बाकावर पोचलं होतं. दादाच्या शेजारच्या म्हाताऱ्यानं आपला तुकडा घेतला आणि ताट त्याच्या हातात दिलं. दादानं ते दोन्ही हातांनी धरलं. जरा वेळ धरून ठेवलं, त्यातल्या तुकड्यांकडे बघत. मग काही न घेता त्यानं ते पलीकडच्या माणसाकडे दिलं आणि टोपी डोक्यावर घालून बाहेर निघून गेला.